सोनीने पाच-सहा हजारातला साधा वॉकमन परत काढावा का?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली.

आमचं लेकरू अकरावीला लातूरला आहे, नीटच्या तयारीला. हॉस्टेलवर मोबाईल बंद म्हणजे अगदी बंद, कीपॅडवाला फोन पण रेक्टर सरांकडे जमा आणि रविवारी अर्धा तास हातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट बरंच आहे. पण पोराला गाण्याचं वेड आहे (माझ्यावरच गेलंय) आणि परवा भेटायला गेलो तर म्हणतो, पप्पा रात्री दिवे घालवले तरी डोक्यात केमिस्ट्रीच चालू राहते, काहीतरी ऐकायला द्या ना. सरांना विचारलं. ते म्हणाले, नुसतं गाण्याचं यंत्र असेल, नेट नसेल, तर आमची हरकत नाही.

म्हटलं मग काय, सोपंय, वॉकमन घेऊ. आता माझ्या डोक्यात वॉकमन म्हणजे सोनी, दुसरं काही येतच नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे सोनीचाच पेनड्राईव्हसारखा छोटा वॉकमन होता, तीन-चार हजारातला. टोपण काढून थेट कॉम्प्युटरला खुपसायचा, गाणी टाकायची, खिशात टाकला की झालं, आणि तीन मिनिटं चार्ज केला की दीड तास वाजायचा. अंबाजोगाई ते पुणे रात्रीच्या एसटीत त्याने मला किती वेळा सोबत केली असेल सांगता येत नाही. कंडक्टरने दिवे बंद केले की खिशातल्या खिशात बोटाने बटण चाचपून गाणं पुढं ढकलायचं, बघायची सुद्धा गरज नाही.

तर तसंच काहीतरी शोधायला बसलो आणि घामच फुटला. सोनीचा झेडएक्स७०७ नावाचा वॉकमन भारतात ६९,९९० ला आला. त्याच्या आधी २०२० मध्ये ए१०५ आला तो २३,९९० चा, आणि त्याच्यात अँड्रॉइड, वायफाय, सगळंच, म्हणजे सिम नसलेला मोबाईलच की तो. साधा, बटणांचा, नेट नसलेला असा एकही नाही.

मग माझा प्रश्न असा की सोनीसारख्या मोठ्या नावाच्या कंपनीने पाच-सहा हजारातला साधा वॉकमन परत काढायला काय हरकत आहे? माझा एक मित्र म्हणतो, येड्या, मर्सिडीजने रिक्षा काढावी का? नाव खराब होतं. मला हे पटत नाही पण उत्तर पण देता येईना. जाणकारांनी सांगावं. आणि पोरासाठी काय घेऊ ते पण सांगा, ते जास्त अर्जंट आहे.

शंकासुर

चारशे रुपयाचा क्लिपवाला चायना एमपीथ्री घ्या की राव. एवढं काय त्यात.

बालाघाटी

घेतला होता भाऊ, बाजारातून, बिननावाचा. चार दिवस वाजला. गाणी स्वतःच्या मर्जीने लावायचा, एकच गाणं दिवसातून पाचदा आणि बाकीची कधीच नाही, आणि आवाज असा की गाणारी बाई पत्र्याच्या डब्यात बसलीय. पाचव्या दिवशी चार्जिंगची पिनच आत गेली. म्हणून तर इथं आलो.

कानसेन_पुणे

बालाघाटी, तुमच्या मित्राला आधी उत्तर देतो. मर्सिडीजचं उदाहरण सोनीला लागूच होत नाही, कारण सोनी रिक्षा आत्ताही विकतेच की. डब्ल्यूएच-सीएच५२० नावाचा हेडफोन त्यांनी २०२३ मध्ये ४,४९० ला काढला, ५० तास बॅटरी, आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांच्या गळ्यात तोच लटकतोय. त्याच दुकानात त्याच फळीवर त्यांचाच तीस हजाराच्या आसपासचा एक्सएम५ हेडफोन ठेवलेला असतो. एक्सएम५ घेणारा माणूस कधी म्हणाला का की अरे हे तर साडेचार हजारवाल्यांचं दुकान, मला नको? नाही म्हणाला. त्यामुळे नाव खराब होतं हे कारण मला तरी खोटं वाटतं.

अ‍ॅपलचं बघा. पहिला आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरात ३९९ डॉलरला आला, ५ जीबीचा, लोक हसले होते किमतीला. आणि २००५ च्या जानेवारीत त्यांनी आयपॉड शफल काढला ९९ डॉलरला, च्युइंगगमच्या पाकिटाएवढा. त्याला स्क्रीनच नाही! स्वस्त करायचं म्हणून स्क्रीन काढली, पण काढली हे लपवलं नाही, उलट तीच मजा म्हणून विकली, की पुढचं गाणं कुठलं येईल ते बघूच नका. नंतर तर शफल ४९ डॉलरपर्यंत खाली आला. आयपॉडची अब्रू गेली का? २००८ च्या आर्थिक वर्षात साडेपाच कोटींच्या जवळ आयपॉड खपले, सगळे प्रकार धरून. तोच त्यांचा कळस. म्हणजे शफल आल्यानंतरच की.

फक्त एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २००९ च्या शफलमध्ये त्यांनी अंगावरची प्ले-पॉजची बटणं पण काढून टाकली, सगळा कंट्रोल इयरफोनच्या वायरवर. म्हणजे तुमचा स्वतःचा आवडता इयरफोन लावला की गाणं बदलायची सोयच गेली. लोक वैतागले आणि पुढच्याच वर्षी बटणं परत आली. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे ज्याला कळलं त्यालाच स्वस्त वस्तू करता येते, नाहीतर ती नुसती हलकी वस्तू होते.

आता सोनीने काढावा का? मनापासून सांगायचं तर माझं मत अर्धंमुर्धं आहे. वॉकमन ज्याच्यासाठी घ्यायचा ते म्हणजे आतला त्यांचा स्वतःचा एस-मास्टर अ‍ॅम्प (आवाज वाढवून इयरफोनला देणारा भाग) आणि त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर. ए५५ या मॉडेलपर्यंत (२०१८ ची गोष्ट) त्यांचं साधं सुटसुटीत सॉफ्टवेअर होतं आणि ४५ तास बॅटरी सांगायचे. ए१०५ ला अँड्रॉइड घातलं आणि आकडा आला २६ तासांवर, तो पण कंपनीचा आकडा, वायफाय बंद ठेवून वगैरे. म्हणजे पैसे जास्त आणि बॅटरी कमी. तर पाच हजारातला काढायचा आणि त्यात एस-मास्टर नसणार, बाहेरून घेतलेली चिप असणार, मग ते सोनीचं काय राहिलं, डब्यावरचं स्टिकर? त्यापेक्षा चिनी कंपन्या हेच काम आत्ता जास्त चांगलं करतात. तुमच्या पोरासाठी त्यातलंच काहीतरी सुचवतो, जरा बघून सांगतो.

निगुती

मला यातलं टेक्निकल काही कळत नाही पण कानसेनदादा, तुमच्यासारखे लोक कायम आवाजावर येऊन थांबता. घेणारा माणूस आवाजासाठी घेतच नाही हो, कटकट नको म्हणून घेतो.

आमच्या घरचं सांगते. २०१७ मध्ये सारेगामाने कारवां नावाचा रेडिओसारखा गाण्यांचा डबा काढला तेव्हा ५,९९० किंमत होती, पाच हजार गाणी आधीच भरलेली. माझा भाऊ म्हणाला, सहा हजार रुपये घालून रेडिओ कोण घेतं, सगळी गाणी यूट्यूबवर फुकट आहेत. मी आईसाठी हट्टाने घेतला, नंतर मावशीला मराठीवाला पण घेतला. आता आईकडे मोबाईल चांगला आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर असते, पण गाणी कारवांवरच. सकाळी गवार मोडत बसते आणि मध्येच ओल्या हाताने ती मोठी चकती गर्रकन फिरवते, गायक बदलतो, परत गवार. मोबाईलवर तेच करायचं तर हात पुसा, चष्मा शोधा, कुलूप उघडा, मध्येच कुणाचा तरी फोन, मग जाहिरात, मग गाणं. दोनदा केलं की माणूस नादच सोडतो.

तर सहा हजार देणारे लोक आहेत. तुम्ही त्यांना "गाण्याचं यंत्र" द्या, ते घेतील. सोनीला हे का दिसत नाही ते मला माहीत नाही.

कानसेन_पुणे

निगुतीताई, मुद्दा मान्य, पण कारवां चालला त्याचं गुपित चकतीत नाही, त्या पाच हजार गाण्यांत आहे. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही, गाणी त्यांच्या मालकीची. त्यांनी यंत्र विकलं नाही, गाणीच विकली, यंत्र आपलं सोबत दिलं. सोनीचा रिकामा वॉकमन तुम्ही आईला दिलात तर पहिला प्रश्न येणार, यात गाणी कुठेत?

आणि गंमत बघा, सोनीकडे तर स्वतःची म्युझिक कंपनी आहे! सीबीएस रेकॉर्ड्स त्यांनी १९८८ मध्येच विकत घेतली. म्हणजे यंत्र पण त्यांचं, गाणी पण त्यांची. पण झालं उलटंच. १९९९ ला त्यांनी मेमरी स्टिकवाला (म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मेमरी कार्डाचा) वॉकमन काढला तेव्हा तो एमपीथ्री वाजवायचाच नाही, कारण गाणी विकणाऱ्या हाताला भीती की लोक कॉप्या मारतील. त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून प्रत्येक गाणं एट्रॅक नावाच्या त्यांच्याच फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायचं आणि मग यंत्रात चढवायचं. हे असं २००४ च्या शेवटापर्यंत चाललं. तोपर्यंत आयपॉडने पंगत उठवून खरकटं पण काढलं होतं. ज्या कंपनीने जगाला चालता चालता गाणी ऐकायला शिकवलं तिचा एक हात दुसऱ्या हाताला बांधलेला होता, हे मला अजून पण वाईट वाटतं.

गाणी_भरून_मिळतील

माझं आयडी बघून कळलं असेल मी काय करायचो 😄 इचलकरंजीत माझं मोबाईलचं दुकान आहे, २००७ पासून. तुम्ही सगळे कंपनीकडून बोलायला लागलाय, मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो.

हे असले छोटे वॉकमन, एमपीथ्री प्लेअर मी विकलेत. २०११-१२ पर्यंत बरे जायचे. मग काय व्हायला लागलं, गिऱ्हाईक यायचं, हातात घ्यायचं, उलटंपालटं करून बघायचं आणि विचारायचं, यात कॅमेरा हाय का? नाही. फोन लागतो का? नाही. मग तीन हजाराला नुसती गाणीच? आणि शेजारीच तेवढ्याच पैशात फोन ठेवलेला, त्याला कॅमेरा पण, मेमरी कार्ड पण, टॉर्च पण. तुम्हीच सांगा मी काय विकणार. त्यात सोनी एरिक्सनच्या वॉकमन फोनने (डब्ल्यू८००, २००५ चा, नारंगी-पांढरा, काय दिसायचा राव) सोनीनेच सोनीचा वॉकमन मारला असं माझं मत हाय. नाव वॉकमनच, पण फोनमध्ये.

पण खरा धंदा होता गाणी भरायचा. बाहेर पाटी, मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील. यंत्रमागावरची पोरं पगार झाला की यायची, कार्ड काढून काउंटरवर ठेवायची आणि सांगायची, भावा हिंदी नव्वदची शंभर, मराठी पन्नास आणि वरनं थोडी लोकगीतं. मी फोल्डर निवडून टाकायचो. कायद्यात बसत नव्हतं हे मला पण माहीत होतं, कबूल करतो. पण मुद्दा हा की ज्याच्याकडं यंत्र होतं त्याला गाणी मिळायची जागा होती, गल्लीत होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सहा महिन्यांत माझं ते गिऱ्हाईक झाडून गेलं. शेवटी शेवटी एक म्हातारे गृहस्थ यायचे भजनं भरून घ्यायला, नंतर ते पण बंद झाले.

आता सोनीनं उद्या पाच हजाराचा वॉकमन काढला तर दुकानदार म्हणून मी ठेवणार नाही. स्पष्ट सांगतो. एक तर महिन्यात दोन विकणार, त्यात मार्जिन शे-दोनशे, आणि प्रत्येक गिऱ्हाईक परत येणार, भाऊ गाणी कशी टाकायची. तासभर माझा जाणार. ऑनलाईन विकू देत पाहिजे तर.

शंकासुर

वॉकमन विकत घेणारे २, त्यावर निबंध लिहिणारे ५. धागा वाचनीय आहे पण.

नागोयाकर

उशिरा आलो. मी सात वर्षं जपानमध्ये आहे, त्यामुळे दोन गोष्टी इथल्या सांगतो.

एक म्हणजे इथं सोनीचे स्वस्त वॉकमन अगदी आत्ताआत्तापर्यंत होते. एस३१० म्हणून सिरीज होती, ४ जीबी, १६ जीबी, बटणंवाली, नेट नाही, बालाघाटींना पाहिजे तसलीच. शाळा-कॉलेजची मुलं इंग्रजीचं लिसनिंग करायला वापरायची, कारण त्यात आवाज न बिघडवता वेग कमी-जास्त करायची सोय होती आणि एकच वाक्य परत परत ऐकता यायचं. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याच्यावरच परीक्षा काढली. आता ती सिरीज पण बंद, दुकानात ए सिरीजपासूनच सुरुवात. म्हणजे जिथं विकली जात होती तिथं पण त्यांनी आवरतं घेतलं, मग भारतासाठी वेगळी काढतील अशी आशा मी तरी धरणार नाही.

दुसरी गोष्ट, कानसेन म्हणाले ना की काय काढायचं ते कळलं पाहिजे. पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ ला आला तेव्हा किंमत ३३,००० येन होती, स्वस्त अजिबात नव्हता. पण तो जन्मलाच काहीतरी काढून टाकण्यातून. सोनीचा प्रेसमन म्हणून पत्रकारांचा छोटा रेकॉर्डर होता, त्यातलं रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला, आणि स्टीरिओ हेडफोन जोडला. कंपनीतलेच लोक म्हणत होते की रेकॉर्डिंग नसलेला टेप कोण घेईल, आणि पहिल्या महिन्यात खप खरंच रडतखडत होता. उलट एक गोष्ट वाढवली होती: दोन हेडफोनची दोन भोकं, आणि एक नारंगी बटण, ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. एकट्याने कानात घालून बसणं असभ्य वाटेल अशी भीती होती म्हणे! आज लोकलमध्ये बघा.

तर "स्वस्त काढावा का" पेक्षा "कमी काढावा का" असा प्रश्न विचारला असता तर मी हो म्हणालो असतो. आज वायफाय नसणं हीच सोय आहे. १९७९ ला रेकॉर्डिंग नसणं जसं होतं तसं. फक्त ते कुणीतरी धिटाईने विकलं पाहिजे. सोनी सध्या उलट्या दिशेला गेलीये, २०१६ ला त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा वॉकमन काढला, डब्ल्यूएम१झेड, वजन ४५५ ग्रॅम, म्हणजे खिशात घातला तर पँट खाली.

बालाघाटी

नागोयाकर साहेब, ती एस सिरीज तिकडं जुनी मिळेल का? येताना कुणी आणेल का? पैसे आगाऊ देतो.

नागोयाकर

मिळते हो. हार्ड ऑफ म्हणून जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथं निळ्या टोपल्यांत ढिगाने पडलेले असतात, सगळे रंग, मागं कुणाकुणाच्या नावाची स्टिकरं चिकटवलेली. पण मी सुचवणार नाही. एक तर बॅटऱ्या संपलेल्या, टोपलीतला चालेल की नाही ते नशीब. दुसरं, चार्जिंगची पिन त्यांची स्वतःची २२ पिनांची असते, ती वायर तुटली तर अंबाजोगाईत कुठं शोधाल? आणि जपानसाठी काढलेल्या बऱ्याच मॉडेलांचा मेन्यू फक्त जपानीत. पोरगं नीटबरोबर जपानी पण शिकेल 😀

गाणी_भरून_मिळतील

जपानी मेन्यूचा एक आलता दुकानात. गिऱ्हाईकानं काय दाबलं देवाला माहीत, सगळी गाणी पुसली आणि मला म्हणतो तू पुसलास.

कानसेन_पुणे

बालाघाटी, सांगतो म्हणालो होतो. फिओ म्हणून चिनी कंपनी आहे, २००७ पासूनची, हेच काम करतात. त्यांनीच स्नोस्काय नावाने स्वस्तातली वेगळी शाखा काढलीये आणि तिचा इको मिनी म्हणून प्लेअर आहे. बटणंवाला, नेट नाही, मेमरी कार्ड घालायचं, साधा वायरचा इयरफोन लागतो. दिसायला अगदी जुन्या कॅसेट प्लेअरसारखा, खिडकी पण काढलीये पुढं. पाच-सहा हजाराच्या आसपास मिळून जाईल. आत चांगल्या अमेरिकन कंपनीच्या दोन डॅक चिपा (फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या) आहेत, त्या पैशात एवढं मिळतं हे दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं.

आणि यात तुमच्या मूळ प्रश्नाचं पण उत्तर आहे बघा. फिओने स्वस्तातला माल काढला पण नाव वेगळं ठेवलं. म्हणजे नावाची भीती त्यांना पण होतीच थोडी. माझं वरचं म्हणणं मी थोडं मागे घेतो.

गाण्यांचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. विकत घ्यायची म्हटलं तर आपल्याकडे ते दुकान धड टिकलंच नाही. फ्लिपकार्टने फ्लाईट नावाने एमपीथ्री विकायला २०१२ मध्ये सुरुवात केली, मी दोन-अडीचशे रुपयांची गाणी घेतली होती तिथून, ती अजून आहेत माझ्याकडे. २०१३ च्या जूनमध्ये त्यांनी ते बंद पण केलं. स्पॉटिफाय वगैरे वर पैसे भरून डाउनलोड केलेली गाणी अशा यंत्रात जात नाहीत, ती त्यांच्या अ‍ॅपच्या बाहेर वाजतच नाहीत. जुन्या सीड्या असतील घरात तर त्या काढा, रिप करा म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, एफएलएसीमध्ये करा (त्या फॉरमॅटमध्ये आवाज जराही कमी होत नाही), जागा भरपूर आहे.

निगुती

वाचून वाईट वाटलं. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला मराठी गाणं विकत घेऊन खिशात टाकायची सहज सोय नाही.

बालाघाटी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो, काय झालं ते सांगतो.

कानसेनांनी सांगितलेला इको मिनी घेतला. वस्तू छान आहे, बटणं कडक वाजतात. माळ्यावरून सीड्यांचं खोकं काढलं, साठ-सत्तर निघाल्या, निम्म्यांवर बुरशी. जुन्या लॅपटॉपचा ड्राईव्ह चालू होता हे नशीब, तीन रात्री बसून बायको आणि मी गाणी चढवली. बायको नावं टाईप करायची आणि मी सीडी बनियनला पुसून आत सारायचो. साडेचारशे गाणी झाली. खरं सांगू, लग्नानंतर इतका वेळ आम्ही दोघं गाणी ऐकत बसलो नव्हतो.

पोराला देऊन आलो. तिसऱ्या दिवशी रेक्टर सरांचा फोन, तुमच्या मुलाकडे मोबाईल सापडला. मी म्हटलं सर मोबाईल नाही तो, मीच दिलाय, तुमच्या परवानगीने. तर म्हणतात रंगीत स्क्रीन आहे, ब्लूटूथचं चिन्ह दिसतंय, मला काय वेड्यात काढता का. रविवारी गेलो परत लातूरला. सरांच्या टेबलावर जप्त केलेल्या मोबाईलच्या ढिगात तो ठेवलेला. मी समजावून सांगतोय, सिम नाही, नेट नाही, कॅमेरा नाही, आणि ते उलटसुलट करून बघतायत. मग म्हणाले, पण याच्यावर वॉकमन कुठं लिहिलंय? तुम्ही वॉकमन म्हणाला होतात. वॉकमन असता तर मी अडवलाच नसता, माझ्याकडे होता ना कॉलेजला, पिवळा, सोनीचा, पाण्यात भिजला तरी चालायचा.

आता मित्राला काय उत्तर द्यायचं ते मला तिथं सापडलं, पण ते जाऊ द्या. मी म्हटलं सर एकदा ऐकून तरी बघा. त्यांनी इयरफोन सदऱ्याला पुसले, कानात घातले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दोन गाणी झाली. तिसरं लागलं तेव्हा स्वतःच बटण दाबून मागचं परत लावलं. मी आणि पोरगं उभे.

ठरलं असं की यंत्र सरांकडे राहणार आणि रात्री दहा ते साडेदहा पोराला मिळणार. पोरगं फोनवर सांगतंय की साडेदहानंतर सरांच्या खोलीतून आवाज येत नाही पण दिवा चालू असतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते.

तर आता सरांना पण एक पाहिजे. मी म्हटलं हाच घ्या, तर नाही म्हणतात, सोनीचाच पाहिजे, वॉकमन लिहिलेला, आणि सहा हजाराच्या वर जायची तयारी नाही. कुणाकडे चालू कंडिशनमधला जुना असेल तर कळवा. मेन्यू जपानी नको.